पुंडलिकअण्णांचं कोपर आणि देवीची हुग्गी

रामनगरच्या बाजारात कापडाचं दुकान असलेल्या पुंडलिकअण्णांचं उजवं कोपर जत्रेच्या तोंडावर दुखायला लागलं. एरवी दुखलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? श्रावणात दुखावं, दिवाळी आटोपल्यावर दुखावं, सासुरवाडीचे पाहुणे आले की तर जरूर दुखावं. पण अंगाला एवढे अवयव आणि वर्षाला एवढे महिने असताना देवीच्या जत्रेआधी नेमकं उजवं कोपर दुखणं याला अण्णांच्या मते दुखणं म्हणत नाहीत, फितुरी म्हणतात.

कारण जत्रेच्या महाप्रसादात हुग्गी वाढायचा मान अण्णांचा. हुग्गी म्हणजे गव्हाची खीर, पण खानापूरकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या माणसासमोर तिला नुसती खीर म्हणालात तर तो तुमच्याकडे दयेने बघेल. भात कुणीही वाढतो. आमटी ज्याला दुसरं काही जमत नाही त्याच्याकडे देतात. पण हुग्गीची बादली आणि लांब दांड्याचं ते पितळी वगराळं गेली कित्येक वर्षं अण्णांच्या हातातून हललेलं नव्हतं. वाढायचं ते उजव्याच हाताने, हा नियम. डाव्या हाताने देवीचा प्रसाद वाढणारा माणूस रामनगरात अजून जन्माला यायचा आहे, आणि आला तरी त्याला टिकू देणार नाहीत.

आता एका वगराळ्यात एवढा जीव अडकवण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारेल. त्याने अण्णांच्या दुकानात एक दिवस बसून बघावं. गिऱ्हाईक जो रंग नाही तोच मागायचं आणि नाही म्हटल्यावर अण्णांकडे असं बघायचं की जणू तो रंग त्यांनीच कुठे लपवलाय. घरी मंगलवहिनी त्यांचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबायच्या आणि मग त्यांना जे करायचं तेच करायच्या. जत्रा समितीत अण्णांचं मत घेतलं जायचं ते चहा किती सांगायचे एवढ्यापुरतं. पण महाप्रसादाच्या दिवशी सोवळं नेसून, वगराळं घेऊन ते पंगतीत उतरले की रामनगर, कॅसलरॉक, दिग्गी, कुंभारवाडा, जिथून जिथून माणसं आलेली असतील त्यांचे सगळे चेहरे वर व्हायचे आणि अण्णांकडे बघायचे. त्या एका दिवसावर अण्णा उरलेलं वर्ष काढायचे.

त्यांच्या वाढण्यात एक कला होती. वगराळं काठोकाठ भरून वर यायचं, जेवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत पत्रावळीवर जायचं, थोडं कलायचं, आणि मग कोपरातून असा एक झटका बसायचा की अर्धी हुग्गी पानात आणि अर्धी परत बादलीत. बाहेर थेंब नाही. त्यासाठी दर वर्षी जत्रेआधी महिनाभर दुकानातला गज हातात घेऊन सराव चालायचा. "समान हात," अण्णा म्हणायचे, "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत समान." अध्यक्षांना हा हात फार आवडायचा. शेवटची पंगत समितीची असे, आणि तिला वाढूनही इतकी हुग्गी उरायची की प्रत्येक सदस्य घरून डबा घेऊनच यायचा. अण्णा कधी डबा नेत नसत. त्यांना त्यात काही खटकलंही नाही. उरलं याचा अर्थ हिशेब चोख, एवढंच त्यांना कळे.

तर असं ते कोपर. बाहेरच्या बाजूला, हाडाजवळ, एक बारीक कळ. कापडाचं ठाण उचललं की कळ, गिऱ्हाइकाला नमस्कार केला की कळ. अण्णांनी ठरवलं की ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही. कारण उंबऱ्याबाहेर वासू उभा होता. वासूचं खताचं दुकान. वय चाळिशीच्या आत, दंड असे की शर्टाची बाही कुरकुरायची. गेली काही वर्षं तो पंगतीत भात वाढायचा आणि भात वाढता वाढता वगराळ्याकडे बघायचा.

रोज पहाटे परसात जाऊन अण्णा कोपर तपासायला लागले. बादलीत पाणी भरायचं, घरातलं मोठं डावलं घ्यायचं, आणि कुंड्यांच्या रांगेला पंगत समजून वाढत जायचं. जास्वंदीला एक, तुळशीला एक, कढीपत्त्याला एक. प्रत्येकाला झटका. दुखतंय का बघायचं. दुखलं की पुन्हा बघायचं, खरंच दुखलं की उगाच वाटलं. मग खात्रीसाठी आणखी एक फेरी. आठवडाभरात जास्वंदीची मुळं कुजली आणि कोपर हात लावू देईना.

मंगलवहिनींनी मिठाची पुरचुंडी गरम करून शेक दिला, वर तेल चोळलं. त्या तेलाचा वास भिंतीपलीकडे नारायणमामांना गेला. नारायणमामा रेल्वेतून निवृत्त झालेले. आयुष्य कॅसलरॉकच्या घाटात गेल्यामुळे प्रत्येक दुखण्यावर त्यांना रेल्वेचा उपाय सुचायचा.

"सांधा हलल्याय अण्णा. सांधेबदल करायला पायजे," असं म्हणून त्यांनी अण्णांचा हात दोन्ही हातांनी धरला, भिंतीला पाय लावला आणि ओढला. अण्णांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून समोरच्या घरातले लोक गाडी आली म्हणून पिशव्या घेऊन बाहेर आले.

"सुटलं?" मामांनी विचारलं.

"कोपार न्हाई सुटलं, मामा. बाकी सगळं सुटलं," अण्णा म्हणाले आणि धोतर सावरत बसले.

मग मामांनी येसू वैद्याचं नाव काढलं. कुंभारवाड्याच्या पुढे रानात राहतो, झाडपाल्याचं औषध देतो, मोडलेली हाडं बांधतो. तिकडे बस कधी येते ते बसलाही ठाऊक नसतं, म्हणून मामांच्या स्कूटरवरून जायचं ठरलं. रस्त्यातला एकही खड्डा मामांनी चुकवला नाही.

येसू वैद्य अंगणात बसून दोरी वळत होता. त्याने अण्णांच्या कोपराकडे बघितलंही नाही आणि विचारलं, "कुठल्या झाडावरनं पडलास?"

येसूकडे येणारा प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या झाडावरून पडलेला असे. मधासाठी चढलेला, पानांसाठी चढलेला, सुपारीला चढलेला. झाडावरून न पडता हात दुखवून घेणारा माणूस त्याने आयुष्यात पाहिलेला नव्हता. खरं सांगायचं तर वगराळ्याची गोष्ट सांगावी लागणार, आणि ती रानातून गावात पोहोचायला बसची वाट बघत नाही. म्हणून अण्णा म्हणाले, "फणसावरनं."

"उतरताना का चढताना?"

"उतरताना."

"फणस हातात व्हता?"

"व्हता की," अण्णा म्हणाले. एकदा पडायचंच आहे तर रिकाम्या हाताने कशाला पडा.

येसूने गंभीरपणे मान हलवली. फणसासकट पडलेल्या माणसाचं औषध वेगळं असतं. त्याने कसलासा पाला वाटला, त्यात अंड्याचा बलक घातला, चिकटपणासाठी काकवी घातली, तो काळा लेप कोपरावर थापला आणि वरून बांबूच्या कामट्या घट्ट बांधल्या. हात दुमडून, मूठ कानाशी. "जत्रेच्या आदल्या आठवड्यात सोडायचं. तंवर पाणी लावू नको, आनि झाडावर चढू नको."

परत येताना नारायणमामांनी स्कूटर जरा जोरातच हाणली. घराशी स्कूटर थांबवून त्यांनी गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि मग विचारलं, "कुठला फणस, अण्णा?"

इथे सांगायला हवं की त्या आळीत फणसाचं झाड एकच. ते नारायणमामांच्या दारात. आणि त्याचा सगळ्यात मोठा, मामांनी रोज सकाळी चहा पिताना बघून ठेवलेला फणस मागच्याच आठवड्यात नाहीसा झाला होता.

"मामा, मी पडलोच न्हाई. ते आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं!"

"चोरलास ते चोरलास, वर मलाच स्कूटरवरनं औषधाला न्यायला लावलंस," मामा म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली. संध्याकाळपर्यंत बाजारात सगळ्यांना माहीत झालं की कापडवाले पुंडलिकअण्णा या वयात फणस चोरताना झाडावरून पडले. अण्णांना चोरीचं एवढं वाटलं नाही जेवढं पडल्याचं वाटलं. चोरायचाच असता तर आपण नीट उतरलो असतो, असं ते मंगलवहिनींना पुन्हा पुन्हा सांगत होते.

"पण मग हात कशानं मोडला म्हणून सांगू मी लोकास्नी?" वहिनींनी विचारलं.

"सांग, मोडला न्हाई. थंडी वाजूलाल्या म्हणून सांग."

वैशाखाच्या उकाड्यात अण्णा लोकरीची शाल पांघरून दुकानात बसायला लागले. आत दुमडलेला हात, कानाशी मूठ, त्यामुळे शालीला एका बाजूने तंबू आला होता. बघणाऱ्याला वाटे अण्णा सतत कुणाचा तरी फोन ऐकतायत. आणि मग काकवीच्या वासाला मुंग्या लागल्या. आधी काळ्या, त्या गुदगुल्या करून जायच्या. मग मामांच्या त्या फणसाच्या झाडावरच्या तांबड्या आल्या. त्या नुसत्या गुदगुल्या करत नाहीत.

अशा अवस्थेत समितीची बैठक भरली. अण्णा शालीसकट कोपऱ्यात बसले. नवीन मांडव, लाउडस्पीकर, लाकडं, सगळे विषय झाले आणि वासू घसा खाकरून उभा राहिला. "न्हाई, मी काय म्हणतो, अण्णांचं आता वय झालं. त्यात ते फणसाचं... म्हणजे त्यांची तब्येत. ह्या वर्षी हुग्गीला मी थांबतो की. अण्णांनी बसून बगावं."

अण्णा संतापले. पण संताप दाखवायला हात मोकळा नव्हता. अध्यक्षांनी टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बरं. ज्यांचं वासूच्या बाजूनं मत हाय त्यांनी हात वर करा."

कुणीही हात वर केला नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते. पहिला हात कुणाचा हा मोठा प्रश्न असतो, पहिल्या हाताला पुढे गावात राहायचं असतं. आणि नेमक्या त्या क्षणी एका तांबड्या मुंगीने कामट्यांच्या आत, लेपाच्या खाली, कोपराच्या खोबणीत आपलं काम केलं. अण्णांचा हात शालीसकट छताच्या दिशेने गेला. शाल गळून पडली. कामट्या बांधलेला, काळाकुट्ट, मुंग्यांची रांग मिरवणारा हात सगळ्या समितीने पाहिला.

"अण्णांचंच मत पडलं की!" कुणीतरी म्हणालं. "काय मोठं मन!" आणि मग काय, पटापटा हात वर झाले. अण्णा "न्हाई, न्हाई" म्हणत होते, पण खांद्यातून वर गेलेला हात कामट्यांमुळे खाली येईना. वासूच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

अध्यक्ष मात्र सावध माणूस. वासूचा हात सढळ आहे हे त्यांनी भात वाढताना पाहिलं होतं, आणि घरच्या डब्याचा विचारही त्यांनाच करायचा होता. त्यांनी मधला तोडगा काढला. बादली वासूने धरायची, वगराळं अण्णांच्या हातात. "पण त्या दिवशी हात चालला तर. न्हाई चालला तर वगराळं वासूचं, आनि मग ते कायमचं." एवढं ठरलं आणि चहा आला.

घरी येऊन अण्णा न जेवता झोपले. वहिनींनी त्यांची समजूत घातली नाही. सकाळी उठून त्यांनी विळीने कामट्या कापल्या, हात साबणाने धुतला, अण्णांना इस्त्रीचा शर्ट चढवला आणि बसमध्ये घालून दांडेलीच्या बाजूला एका नव्या खाजगी दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात नाव नोंदवायची खिडकी एकच चालू होती आणि ती बाळंतपणाची. आत बसलेल्या मुलीने सांगितलं की नंबर पडल्याशिवाय डॉक्टर भेटत नाहीत आणि नंबर फक्त याच खिडकीत पडतो. त्यामुळे अण्णांच्या कागदावर गुलाबी शिक्का बसला. पुढे जिथे जातील तिथे नर्स कागद बघायची, वहिनींकडे बघायची, मग अण्णांकडे बघायची आणि विचारायची, "कितवा म्हयना?"

"वैशाख," अण्णा म्हणायचे. त्यांना आता कशाचंच काही वाटत नव्हतं.

शेवटी ते पोहोचले नेत्रा नावाच्या फिजिओथेरपीच्या डॉक्टरणीकडे. मुलगी तरुण, जोयड्याकडचीच. तिने दोन बोटांनी हाडाजवळ दाबलं आणि अण्णा खुर्चीवरून अर्धे उठले. "इथंच ना? हाड चांगलं हाय, काका. मनगट वर उचलणारे स्नायू हाडाला जिथं धरलेत तिथं दुखावलंय. ह्याला टेनिस एल्बो म्हणतात. तेच तेच काम झटक्यानं केलं की होतं. काय करता तुम्ही हातानं?"

अण्णांनी वहिनींकडे बघितलं. वहिनी म्हणाल्या, "दाखवा की आता. एवढं झालं."

मग अण्णा उठले. टेबलावरचा स्टीलचा ट्रे बादली झाला, पट्टीचं रीळ वगराळं झालं, आणि बाकावर ओळीने बसलेले पेशंट पंगत झाले. अण्णांनी पहिल्याला वाढलं, झटका, दुसऱ्याला वाढलं, झटका. चौथ्या पेशंटने आपोआप दोन्ही हात पुढे करून "थोडी अजून" म्हटलं. अण्णा कळवळत होते, पण मान ताठ होती.

"थांबा!" नेत्रा ओरडली. "तो शेवटचा झटका. पुन्हा करू नका. तोच तुमचा आजार हाय."

"तो झटका न्हाई, डॉक्टर. ती कला हाय."

"असंल. पण पानात घालून झाल्यावर परत मागं का ओढता?"

अण्णांनी हातातल्या रिळाकडे बघितलं. त्यांना हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

नेत्राने कोपराखाली बांधायचा एक पट्टा दिला, बर्फ लावायला सांगितलं, मनगटाचे हलके व्यायाम दाखवले. बरं व्हायला वेळ लागेल, सबुरीने घ्या, म्हणाली. "आनि रोज दुखतंय का म्हणून बघता का?"

"बगतो की. सकाळी."

"ते आधी बंद करा. जखमेवरची खपली रोज काढून बघितली तर ती भरणार कशी? वाढायचंच असलं तर बादली दुसऱ्यानं धरू दे, आणि वगराळं सावकाश पालथं करा. झटका बंद. एकदा जरी दिलात तरी पुन्हा पहिल्यापासनं."

महाप्रसादाच्या दिवशी अण्णा सोवळं नेसून, कोपराखाली पट्टा बांधून उभे राहिले. तो पट्टा ताईत आहे असं समजून दोघांनी त्याला नमस्कार केला. पहिली पंगत कुंभारवाडा आणि दिग्गीकडच्या लोकांची. रानातून पहाटे निघून चालत आलेली माणसं. बादली घेऊन वासू शेजारी. अण्णांनी वगराळं घट्ट धरलं. वगराळं हातातून पडलं तर संपलं, कळवळून ओरडलो तर संपलं. त्यांनी वगराळं भरलं, पहिल्या पानावर नेलं आणि सावकाश पालथं केलं. सगळीच्या सगळी हुग्गी पानात पडली.

पानासमोरच्या म्हाताऱ्याने पानाकडे बघितलं. मग अण्णांकडे बघितलं. मग शेजाऱ्याला कोपर मारलं.

"अण्णा, झटका!" वासू कुजबुजला.

"डॉक्टरणीनं बंद सांगितलाय," अण्णा म्हणाले आणि पुढच्या पानावर गेले. पुन्हा पूर्ण वगराळं. तिसऱ्यावर पुन्हा. पंगतीत कुजबुज सुरू झाली, मग हसू, मग आरडाओरडा. "अण्णा सुटले रे!" "पान सरळ कर, सांडतंय!" वासूने बादली वगराळ्याखाली सरकवून निम्मी झेलायचा प्रयत्न केला, तर दिग्गीच्या एका म्हातारीने त्याच्या हातावर चापट मारली. बादली रिकामी झाली, वासू भरून आणायला पळाला. पुन्हा रिकामी, पुन्हा पळाला. त्याचे ते दंड आता लोंबायला लागले होते. पंगतीमागून पंगती उठल्या. ढेकर ऐकू येत होते, आणि अण्णांना कळत नव्हतं की आपण आज काय वेगळं केलं. दुखत होतं थोडं. पण चेहरे! दरवर्षीसारखेच वर बघत होते, फक्त आजवर ते पानावर किती पडेल या काळजीने वगराळ्याकडे बघायचे, आणि आज अण्णांच्या तोंडाकडे बघून हसत होते. हे ध्यानात आलं तेव्हा अण्णांना एवढी लाज वाटली आणि एवढा आनंद झाला की एका माणसाला त्यांनी चुकून दोनदा वाढलं.

शेवटची पंगत समितीची बसली. वासू कढईच्या तळाशी वाकला आणि सरळ झाला. कढईत खरवडीशिवाय काही नव्हतं. अध्यक्षांच्या पानात भात पडला, आमटी पडली, लोणचं पडलं. बाजूला रिकाम्या डब्यांची रांग तशीच होती.

"पुंडलिक," अध्यक्ष दातओठ खाऊन म्हणाले, "वगराळं खाली ठेव. पुढच्या वर्षापासनं वासू."

वासू खांबाला टेकून बसला होता. त्याने दोन्ही हात जोडायचा प्रयत्न केला, ते जुळले नाहीत. "मला नको. मला भातच बरा," तो म्हणाला.

एवढ्यात देवळात घंटा वाजली. झिलू गुरव गाऱ्हाणं घालायला देवीसमोर उभा राहिला आणि जेवून तृप्त झालेली सगळी माणसं सभामंडपात दाटली. अध्यक्षही हात पुसत आले, समिती आली. झिलूने डोळे मिटले. "बा देवी म्हामाये, ही तुजी लेकरं तुज्या पायाशी उभी हाईत. त्यांच्या शेताभाताला, गुरावासरांना संभाळ."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"रानात गेलेल्याला सुखरूप घरला आण."

"व्हय म्हाराजा!"

"आनि कुणाचं काय मागणं आसंल तर..." झिलूने विचारलं, आणि मघाची ती दिग्गीची म्हातारी माणसांतून वाट काढत पुढे आली. तिने झिलूच्या कानात काही सांगितलं. झिलूने चमकून तिच्याकडे बघितलं, मग गर्दीत उभ्या अण्णांकडे बघितलं. देवीसमोर आलेलं मागणं गुरवाला गिळता येत नाही. त्याने पुन्हा डोळे मिटले आणि आवाज चढवला.

"म्हामाये, पुंडलिकअण्णाचं कोपार हाय तसंच ऱ्हाऊं दे! ह्यो हात पुन्हा बरा करूं नको गे माये!"

"व्हय म्हाराजा!!" देवळाचे पत्रे थरथरले. नारायणमामांचा आवाज त्यात होता. तो फणसाच्या रागाने होता की हुग्गीच्या प्रेमाने, सांगता येणार नाही. मंगलवहिनींचा तर सगळ्यात वर होता. अध्यक्षांनी तोंड मिटून ठेवलं होतं, पण देवीसमोर सगळं गाव त्यांच्याकडे बघायला लागलं तसं त्यांनाही ते उघडावं लागलं.

अण्णांनी पट्ट्यावरून हात फिरवला. आपल्या दुखण्यासाठी एवढ्या माणसांनी एका आवाजात साकडं घालावं असा मान रामनगरात आजवर कुणाला मिळाला नव्हता. त्यांनी घसा साफ केला, देवीकडे बघितलं, आणि सगळ्यांच्या मागून, एकटेच, मोठ्याने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"